एकच तंबाखू, चार पाईप आणि चार चवी

बाबांच्या कपाटात चार पाईप आहेत. एक ब्रायर लाकडाचा, एक मक्याच्या कणसाचा, एक मीरशम नावाच्या पांढऱ्या दगडाचा आणि एक भाजक्या मातीचा. बाबा कोल्हापूरला फाउंड्रीत इंजिनिअर होते. रोज संध्याकाळी एक पाईप, असा त्यांचा तीस वर्षांचा नेम. आणि त्यांचं एक ठाम म्हणणं होतं की एकाच डब्यातला तंबाखू ब्रायरमध्ये गुळचट लागतो, कणसाच्या पाईपमध्ये कोरडा आणि मातीच्या पाईपमध्ये चरचरीत. आम्हा भावंडांना ते त्यांचं खूळ वाटायचं. मी पुढे रसायनशास्त्र शिकले, शिकवायलाही लागले, तेव्हा लक्षात आलं की बाबांचं निरीक्षण बरोबर होतं. कारण मात्र ते, दुकानदार आणि त्यांचे पाईपवाले मित्र सांगायचे ते नव्हतं. “लाकडाची चव धुरात उतरते” हे त्या सगळ्यांचं उत्तर. मी स्वतः कधी पाईप ओढलेला नाही, पण ते चारही पाईप वर्षानुवर्षं साफ केलेत. त्या आधारावर हे नीट मांडते.

पाईप ही उलटी चूल आहे

आधी तीन शब्द. तंबाखू भरायचा खड्डा म्हणजे वाटी. वाटीच्या तळाला भोक असतं, तिथून निघणारी ती नळी. आणि वापरून वापरून वाटीच्या आतून जो काळा कडक थर धरतो, त्याला मी अस्तर म्हणते. फाउंड्रीतल्या भट्टीलाही आतून अस्तर असतं, म्हणून बाबांचाच शब्द घेतला. एवढे शब्द पुरेत.

चुलीत जाळ खाली असतो आणि धूर वर जातो. पाईपमध्ये उलटं. निखारा वर असतो आणि झुरका घेतला की हवा वरून खाली, निखाऱ्यातून न जळलेल्या तंबाखूत आणि तिथून नळीत खेचली जाते. सगळी गोम या उलटेपणात आहे. निखाऱ्यातून निघालेला तापलेला वायू खालच्या पानांतून जातो तेव्हा ती पानं जळत नाहीत, ती भाजली जातात. त्यांतली सुगंधी तेलं, निकोटीन आणि पाणी वाफ होऊन निघतं. पानातली साखर तांबूस होते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग या भाजणाऱ्या पट्ट्यात तयार होतो. वाफेतलं काही आणखी खाली गार तंबाखूवर पुन्हा जमतं, उरलेलं तोंडात येतं.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. काहिलीत रस तोच, ऊस तोच. चुलवाणात चिपाड कमी-जास्त झालं की गुळाचा रंग आणि चव बदलते. आच बेताची असली तर सोनेरी गूळ, जास्त झाली की करपट. गुळव्याचं सगळं कसब आच ओळखण्यात असतं. पाईपमध्येही साखर आहे, आच आहे आणि करपण्याचा धोका आहे. सिगारेटच्या टोकाचा निखारा झुरका घेताना ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. हळू ओढलेला पाईप त्याहून बराच कमी तापतो आणि म्हणूनच त्यात चवीचे बारकावे शिल्लक राहतात.

दुसरी गोष्ट पाणी. पाईपच्या तंबाखूत मुळातच ओलावा ठेवलेला असतो, शिवाय पानं जळतानाही पाणी तयार होतं. त्यामुळे पाईपचा धूर हा बराचसा वाफेचा लोट असतो. गरम कोरडी हवा जिभेला सोसते, गरम वाफ पोळते. इडलीपात्राचं झाकण उघडताना हात भाजतो तो वाफेनेच.

पाईप कशाचा आहे यावरून दोनच मुख्य गोष्टी ठरतात. वाटी निखाऱ्याची उष्णता किती धरते किंवा सोडते, आणि ही वाफ किती पिते.

ब्रायर: वणव्यातून उठणारं लाकूड

भूमध्य समुद्राच्या काठाने इटली, कॉर्सिका, ग्रीस, अल्जीरिया या भागांत एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे जमिनीलगत त्याला लाकडाची एक गाठ येते. वणवा आला, वरचं सगळं जळून गेलं, तरी या गाठीतून झुडूप पुन्हा फुटतं. तीच गाठ म्हणजे ब्रायर. लाकूड घट्ट, उष्णता फारशी न वाहणारं आणि सहसा पेट न घेणारं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावी लाकूड कातणारे कारागीर होतेच. त्यांच्या हाती हे लाकूड लागलं आणि पाईपचं जग बदलून गेलं.

गाठ खणून काढली की तिचे ठोकळे पाडतात आणि कित्येक तास पाण्यात उकळतात. का? तर तिच्यातला चीक आणि टॅनिन जावं म्हणून. टॅनिन म्हणजे हिरड्यात आणि सुपारीत जो तुरटपणा असतो तो. मग ठोकळे महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. ही उकळणी-वाळवणी घाईत उरकलेली असेल तर नव्या पाईपचे पहिले दहा-पंधरा दिवस कडवट जातात. “लाकडाची चव” खरोखर लागते ती इथे, आणि ती वाईट असते. चांगल्या ब्रायरचा गुण म्हणजे तो चवीत स्वतःचं काही घालत नाही.

मीरशम: पाणी पिणारा दगड

मीरशम हा जर्मन शब्द. अर्थ समुद्राचा फेस. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेस म्हणून जे मिळतं ते वेगळं, ते माकुळ माशाचं हाड. मीरशम हे खनिज आहे, मॅग्नेशियम आणि सिलिका यांचं. चांगल्या प्रतीचं तुर्कस्तानात एस्किशेहिर शहराच्या आसपास जमिनीतून काढतात. ओलं असताना ते चाकूने कोरता येतं आणि वाळल्यावर इतकं हलकं होतं की पाण्यावर तरंगतं.

सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतूंचं जाळं दिसतं, सगळं पोकळ्यांनी भरलेलं. मातीचा माठ जसा पाणी झिरपवतो तसा हा दगड वाफ आणि कीट, म्हणजे धुरातला चिकट काळा मळ, पिऊन घेतो, आणि उष्णता मात्र पटकन बाहेर सोडत नाही. धूर कोरडा आणि गार येतो. त्यात लाकूडच नाही, म्हणून जुळवून घेण्याचे ते पहिले कडवट दिवसही नाहीत. बाहेरून लावलेलं मेण आणि आतून झिरपलेलं कीट यांनी पांढरा पाईप हळूहळू मधाच्या रंगाचा होतो. बाबांचा पाईप दांडीकडे अगदी तांबूस झालाय आणि वाटीच्या कडेला अजून साईसारखा आहे. कुठे किती ओलावा जिरला याचा तो नकाशाच आहे.

कणीस: गरिबाचं मीरशम

अमेरिकेत मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे, राजधानीशी त्याचा संबंध नाही. तिथे हेन्री टिबे हा हॉलंडहून आलेला कातारी १८६९ मध्ये मक्याच्या कणसाचे पाईप कातायला लागला. कणीस भुसभुशीत, म्हणून त्याने बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप देऊन ते कडक करण्याची युक्ती काढली आणि १८७८ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. या पाईपला ‘मिसुरी मीरशम’ हे नाव पडलं. नाव नेमकं आहे, कारण कणीसही मीरशमसारखं हलकं, वाफ पिणारं आणि उष्णता अडवणारं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या फोटोंत दिसणारा तो उंच वाटीचा पाईप कणसाचाच.

फरक टिकाऊपणाचा. कणीस आतून थोडं थोडं जळत जातं आणि पहिले काही दिवस त्याचा किंचित गोडसर वास येतो. पण आठ-दहा रुपयांच्या पणतीत लावलेली वात चांदीच्या समईतल्या वातीइतकाच उजेड देते, तसं हे आहे. बाबांच्या चार पाईपांत सगळ्यात स्वस्त हाच, आणि नवा तंबाखू आणला की पहिल्यांदा ते यातच भरायचे.

माती: चव स्वच्छ, धग जास्त

भाजलेल्या मातीचा पाईप हा युरोपातला सगळ्यात जुना. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमध्ये ते बनू लागले. माती चवीत काहीच घालत नाही, म्हणून तंबाखूचं खरं रूप पाहायचं तर मातीतच, असं जाणकार म्हणतात ते पटतं. पण ती लाकडापेक्षा उष्णता कितीतरी वेगाने बाहेर आणते. वाटी हातात धरवत नाही. निखाऱ्याची उष्णता भिंतीतून निसटत राहते, मग पाईप विझू नये म्हणून माणूस जोरात ओढतो, आणि जोरात ओढलं की धूर तापतो. बाबांना लागायचा तो चरचरीतपणा असा येतो.

आपली चिलीम याच मातीची. तिला वेगळी नळी नाही, म्हणजे धूर गार व्हायला अंतरच नाही. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. आत एक खडा टाकायचा आणि खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची. खडा राख-ठिणगी अडवतो, छापी धुराची धग उतरवते. गुडगुडीत तेच काम पाणी करतं.

मासळीचं भांडं वेगळं का ठेवतात?

आता अस्तराकडे येते. बाबांचा पाचवा एक पाईप होता, ब्रायरचाच, वाटीला चीर गेलेला. तो बाबांनी आणि मी ओट्यावर ठेवून हॅकसॉच्या पात्याने उभा कापला. आत तीन थर स्पष्ट दिसले. सगळ्यात आत काळं, खडबडीत अस्तर, वरच्या बाजूला दीड मिलिमीटर आणि तळाशी नखाइतकं पातळ. त्याच्यामागे तपकिरी झालेलं लाकूड, जेमतेम एक मिलिमीटर. आणि त्यापुढे बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत नव्यासारखं फिकट गुलाबी लाकूड. वीस वर्षं वापरलेला पाईप होता तो.

म्हणजे पहिल्या काही महिन्यांनंतर तंबाखूचा लाकडाशी थेट संबंध फार थोडा उरतो. निखारा टेकतो तो कार्बनच्या थराला. हा थर लाकडाला जळू देत नाही, वाफ पितो आणि आधीच्या तंबाखूचा वास धरून ठेवतो. कोकणात मासळीचं भांडं वेगळं ठेवतात ते याच कारणाने. कितीही घासलं तरी त्यात केलेली खीर ओळखू येते. तंबाखूतही अशी एक मासळी आहे. लटाकिया नावाचा, लाकडाच्या धुरावर वाळवलेला तंबाखू. एकदा का तो पाईपमध्ये भरला की पुढचे कित्येक दिवस त्या पाईपात भरलेल्या प्रत्येक तंबाखूला धुराचा वास येतो. म्हणून लटाकियावाले त्याला एक पाईप सोडून देतात.

अस्तर जाड होऊ देणंही वाईट. कार्बन आणि लाकूड तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. आमच्या पाईपची चीर बहुधा त्यानेच पडली. बाबा ते खरवडायचा कंटाळा करायचे.

आठ मिलिमीटरांनी काय होतं?

वाटीच्या आकाराबद्दल लोक पसंती म्हणून बोलतात, पण इथे चक्क हिशेब करता येतो. बाबांचा जुना व्हर्नियर घेऊन आम्ही वाट्या आतून मोजल्या. मातीची १४ मिलिमीटर, मोठ्या ब्रायरची २२. फरक आठाचाच. पण निखारा वर्तुळात पसरतो, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. छोट्या वाटीत साधारण १५४ चौरस मिलिमीटर, मोठीत ३८०. जवळपास अडीचपट.

आता झुरका तेवढाच घेतला तर? छोट्या वाटीत सगळी हवा छोट्या निखाऱ्यावर येते. लोहाराच्या भात्यासारखं होतं, निखारा चटकन फुलतो आणि चटकन तापतो. मोठ्या वाटीत तीच हवा पसरून जाते, आच मंद राहते, पण निखारा सगळीकडे सारखा पेटता ठेवायला कौशल्य लागतं. म्हणून छोट्या वाटीत झुरके अगदी हलके हवेत. जपानच्या किसेरू पाईपची वाटी तर वाटाण्याएवढी. त्यात केसांसारखा बारीक कापलेला तंबाखू भरून दोन-तीन झुरक्यांत संपवतात, करपायला वेळच मिळत नाही.

मोठ्या निखाऱ्याचा आणखी एक परिणाम मिश्रणात दिसतो. पाईपचा तंबाखू बहुधा अनेक पानांचा असतो. साखर जास्त असलेलं व्हर्जिनिया, साखर जवळजवळ नसलेलं बर्ली, अत्तरासारखं तुर्की पान, लुइझियानात पिंपात दाबून आंबवलेलं पेरीक. रुंद वाटीत एका वेळी यांतली बरीच पानं जळतात आणि मिळून चव लागते, मिसळीच्या मोठ्या घासासारखी. अरुंद वाटीत एका क्षणी एखादंच पान निखाऱ्यात सापडतं. म्हणून एकट्या व्हर्जिनियासाठी अरुंद आणि मिश्रणासाठी रुंद वाटी, हा पाईपवाल्यांचा नियम मला पटतो.

खोलीचं वेगळंच. खोल वाटीत वरच्या तंबाखूची वाफ खालच्यावर थरावर थर जमत जाते. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याला निखारा पोचतो तेव्हा तो मूळचा तंबाखू राहिलेलाच नसतो. निकोटीन, तेलं, पाणी सगळं त्यात साचलेलं असतं. कोणाला तीच चव दाट वाटते, कोणी तेवढा तंबाखू झाडून टाकतं. बाबा झाडून टाकायचे.

मग महत्त्वाचं काय, वाटी कशाची आहे की केवढी आहे?

या दोन गोष्टी सुट्या नाहीत. वाटीच्या भिंतीपासून दोन मिलिमीटरच्या आत किती तंबाखू येतो ते काढून पाहा. १४ मिलिमीटरच्या वाटीत जवळजवळ निम्मा. २२ च्या वाटीत एक तृतीयांश. म्हणजे वाटी जितकी लहान तितका भिंतीचा प्रभाव जास्त, आणि भिंत कशाची आहे याला तितकं महत्त्व. मोठ्या वाटीत मधला तंबाखू भिंतीपासून लांबच जळतो. लहान मातीच्या पाईपमधला आणि लहान मीरशममधला फरक ठळक जाणवतो, पण मोठे पाईप घेतले तर तो फरक पुसट होत जातो.

इतिहासात वाटीचा आकार चवीने ठरवला नाही, भावाने ठरवला. सुरुवातीला इंग्लंडात तंबाखू महाग होता, म्हणून मातीच्या पाईपांच्या वाट्या करंगळीचं टोकही कसंबसं जाईल एवढ्या. पुढे शेतात असे पाईप सापडले तेव्हा लोकांनी त्यांना परीराण्यांचे पाईप म्हटलं. तंबाखू स्वस्त होत गेला तशा वाट्या वाढल्या. हे इतकं नियमित आहे की पुरातत्त्वज्ञ वाटीच्या आकारावरून उत्खननातल्या थराचा काळ सांगतात. नळीचं भोक मात्र काळाबरोबर बारीक होत गेलं, अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये त्यावरून कालमापनाची पद्धतच मांडली.

हे सगळं मनाचे खेळ तर नाहीत?

काही प्रमाणात आहेत. चव म्हणून जे आपण सांगतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं, आणि हातातलं वजन, ओठांवरचा स्पर्श, आठवणी यांची भर पडते. लाकडाच्या रेषा सरळ असल्या की चव उजळ लागते, हे मला अजिबात मान्य नाही. त्या रेषांचे पैसे डोळ्यांसाठी मोजायचे. लाकूड नीट उकळलं-वाळवलं आहे का आणि नळीचं भोक बरोबर वाटीच्या तळाशी उघडतं का, या दोन गोष्टी चवीसाठी महत्त्वाच्या. भोक जरा वर असलं की तळाला ओला लगदा साचतो आणि पाईप गुरगुरायला लागतो.

पण आच आणि ओलावा हे मनाचे खेळ नाहीत. पाईप जास्तीत जास्त वेळ पेटता ठेवण्याच्या स्पर्धा होतात. प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या. तिथे सगळ्यांना पाईपही एकसारखाच देतात. तो एकसारखा नसेल तर स्पर्धा बरोबरीची होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

गार धुराचा पाईप म्हणजे कमी अपाय?

नाही. हा गैरसमज आमच्या घरातही होता. मीरशम कीट पितं, अस्तर कीट पितं, हे खरं, पण धुराचा अगदी थोडा भाग तिथे अडतो. बाकी तोंडात येतो. झाम्युएल थोमास फॉन झ्योमरिंग या जर्मन डॉक्टरने पाईप ओढणाऱ्यांच्या ओठांच्या कर्करोगाची नोंद १७९५ मध्येच केली होती. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुफ्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाशी पाईपचा संबंध त्यानंतर सिद्ध झाला आहे.

“आम्ही धूर आत घेत नाही” हेही कामाचं नाही. बर्लीसारख्या हवेवर वाळवलेल्या पानांचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी माध्यमात निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं. तंबाखूला चुना लावून मळतात तो काही उगाच नाही. चुना तेच करतो.

बाबांच्या बाबतीत हे एका दाताच्या डॉक्टरबाईंनी पकडलं. कवळीचं माप द्यायला गेले होते. त्यांनी टाळू पाहिली आणि विचारलं, “काका, फार कढत चहा पिता का?” टाळू पांढुरकी झाली होती आणि तिच्यावर लाल ठिपके होते. लाळेच्या सूक्ष्म ग्रंथींची तोंडं सुजली की ते दिसतात. पाईपवाल्यांमध्ये हे नेहमी आढळतं, आणि ते मुख्यतः धगीने होतं. ज्या धगीबद्दल बाबा तीस वर्षं चवीच्या भाषेत बोलत होते, तिची नोंद टाळूवर रोज होत होती. टाळूचा हा बदल पाईपवाल्यांत सहसा कर्करोगाकडे जात नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, तिथे मात्र त्याच टाळूला कर्करोगाचा मोठा धोका असतो. डॉक्टरबाईंना जास्त काळजी वाटली ती जिभेच्या कडेच्या छोट्या पांढऱ्या चट्ट्याची. त्याचा तुकडा तपासायला पाठवला. बाबांनी त्याच दिवशी पाईप धुऊन, पुसून कपाटात ठेवले.

तपासणीत काही निघालं नाही. पाच-सहा आठवड्यांत टाळू पहिल्यासारखी गुलाबी झाली. जिभेची कड डॉक्टरबाई अजून दर सहा महिन्यांनी बघतात, आणि तारीख जवळ आली की बाबा आठवडाभर आधीपासून आरशासमोर जीभ काढून उभे असतात.